दुभाष्याच्या भरवशावर

गेल्या आठवड्यात आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील घरी आले. मंठाळच्या बाजारात त्यांचे किराणा दुकान आहे. पोराला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालेला, लॅपटॉप घ्यायचा होता. म्हणाले, "सर, दुकानदार म्हणतो नव्या प्रोसेसरचा घ्या, बॅटरी दिवसभर पुरते. पोरगा म्हणतो, त्यावर माझे खेळ चालायचे नाहीत. पैसे देऊन घेतलेले खेळ आहेत हो! खरं कोणाचं?"

मी म्हटले, "दोघांचंही."

वाचकहो, संगणकाच्या प्रोसेसरलाही मातृभाषा असते. इंटेल आणि एएमडीची भाषा १९७८ च्या '८०८६' चिपपासून चालत आलेली, तिला एक्स८६ म्हणतात. दुसरी भाषा एआरएम. तिची पहिली चिप १९८५ मध्ये इंग्लंडातल्या केंब्रिजला चालली. आज आपल्या खिशातले मोबाइल हीच भाषा बोलतात, कारण तिला वीज कमी लागते. नोव्हेंबर २०२० मध्ये अ‍ॅपलने 'एम१' चिपचे संगणक आणले. जून २०२४ मध्ये विंडोजवाल्यांचे स्नॅपड्रॅगन एक्सचे लॅपटॉप आले.

अडचण अशी की संगणकावरचे बहुतेक खेळ जुन्या भाषेत लिहिलेले. २००३ पासून चालणारे 'स्टीम' हे खेळांचे मोठे दुकान. तिथला बहुतेक माल एक्स८६ चा. म्हणून मध्ये दुभाष्या बसवतात. अ‍ॅपलचा दुभाष्या 'रोझेटा २', विंडोजचा 'प्रिझम'.

दुभाष्या म्हणजे काय, ते आपल्या भागात सांगायची गरज नाही. माझी सौ. कन्नड घरातली. लग्नानंतर पहिले वर्षभर आई आणि ती यांच्यामध्ये मीच होतो. "ऊट आय्ता?" असे तिने विचारले की मी आईला सांगायचो, जेवण झालं का विचारतेय. काम अडत नसे. पण हसू मात्र एक वाक्य उशिरा यायचे. प्रोसेसरचेही तसेच. खेळ चालतो, पण भाषांतरात थोडी ताकद जाते. आणि ऑनलाइन खेळात लबाडी पकडणारे जे पहारेकरी सॉफ्टवेअर असते, ते नव्या प्रोसेसरसाठी तयार केलेले नसेल तर खेळ दारातच अडतो.

खुद्द स्टीमचे मॅकवरचे सॉफ्टवेअरही कित्येक वर्षे दुभाष्यावरच चालले. अ‍ॅपलच्या चिपची भाषा थेट बोलणारी त्याची चाचणी आवृत्ती जून २०२५ मध्ये आली. त्याच महिन्यात अ‍ॅपलने जाहीर केले की रोझेटाची पूर्ण सोय मॅकओएस २७ पर्यंतच राहील. पुढे काही जुन्या खेळांपुरता तिचा थोडा भाग ठेवतील. २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिनाने ३२-बिट प्रोग्रॅम बंद केले, तेव्हा कितीतरी जुने खेळ मॅकवर मुके झाले होते. पोराची काळजी म्हणूनच मला पोरकट वाटली नाही.

बनवणाऱ्यांनी मनावर घेतले तर मात्र दोन्ही भाषा जमतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये आधी निंटेंडो स्विचवर आला, त्यात एआरएम चिप असते. ऑक्टोबरात तोच खेळ विंडोजच्या संगणकांवर आला. गोष्ट एकच, बोली दोन.

दुसऱ्या दिवशी पोराने वहीत अकरा खेळ लिहून आणले. प्रत्येकापुढे आम्ही नव्या प्रोसेसरवर चालतो की नाही ते तपासून लिहिले. मी म्हटले, कॉलेजात लागणारी सॉफ्टवेअरही याच यादीत लिही. त्यातली दोन अडली, तेव्हा वडिलांनीच निकाल दिला : "यंदा जुन्या प्रोसेसरचाच घेऊ."

लॅपटॉप घेताना घरोघरी अशी एक यादी व्हावी. दुभाष्या गुणी असतो, पण तो किती वर्षे सोबत राहील हे आधी विचारावे. आमच्या घरी आता दुभाष्या लागत नाही. सौ. मराठीत भांडते, आणि आई तिला कन्नडमध्ये उत्तर देते.