ट्रॉलींतलीं माणसें कोणाच्या वहींत?

सरकारास गाड्या मोजतां येतात, पण गाडींतलीं माणसें मोजतां येत नाहींत, असें म्हटलें तर अधिकारी मंडळींस तें झोंबेल. झोंबलें तरी बरें. ४ एप्रिल २०२५ रोजीं सकाळीं हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यांतील गुंज गांवच्या मजूर बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत बसून नांदेड तालुक्यांतील आलेगांवच्या शिवारांत कामाला निघाल्या होत्या. ट्रॅक्टर ट्रॉलीसकट पाण्यानें भरलेल्या विहिरींत गेला. सात बाया मेल्या. तिघांना काय तें वर काढतां आलें. प्रधानमंत्र्यांनीं दोन लाख व मुख्यमंत्र्यांनीं पांच लाख रुपयांची मदत प्रत्येक घरास जाहीर केली, आणि वर्तमानपत्रांनीं छायाचित्रें छापलीं. आठ दिवसांच्या आंत आमच्या शाळेवरून जाणारी ट्रॉली नेहमीसारखीच गच्च भरून गेली.

ही ट्रॉली आम्ही वीस वर्षें पाहात आलों आहों. एकदां पहिलीच्या मुलांना अंक शिकवितांना आम्हीं खिडकींतून ट्रॉलींतलीं डोकीं मोजावयास लावलें. मुलांनीं एकवीस मोजलीं. एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, बावीस. माझी आई खालीं बसलीया, ती दिसना." पहिलीच्या पोरीला जी बेरीज येते, ती परिवहन खात्याला कां येऊं नये, हा आमचा सवाल आहे.

उत्तर सोपें आहे. कायद्याच्या दृष्टीनें त्या ट्रॉलींत कोणी बसलेलेंच नाहीं! १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें ट्रॅक्टर म्हणजे स्वतः ओझें वाहण्यासाठीं न बांधलेलें वाहन. त्याच्या मागची ट्रॉली मालासाठीं. माणूस बसविण्यास मनाई. मनाई आहे म्हणून तपासणी नाहीं, कारण जें असूंच नये तें तपासणार कसें? आणि तपासणी नाहीं म्हणून बाया बसतात. असा हा चक्रव्यूह आहे, आणि त्यांत अभिमन्यूच्या जागीं आमची मजूर बाई उभी आहे.

मेल्यावरही हाच न्याय पुढें चालतो. मालाच्या गाडींत फुकट बसलेल्या उतारूची जबाबदारी विमा कंपनीवर नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं सांगितलें. २००७ सालीं ट्रॉलीवरून पडून जायबंदी झालेल्या एका मजुराचा दावा त्याच न्यायालयापुढें गेला. ट्रॅक्टर शेतीसाठीं विमा उतरलेला, आणि ट्रॉलींत होती वीटभट्टीची माती. तेव्हां कंपनी जबाबदार नाहीं असेंच ठरलें. मात्र न्यायालयास मजुराची दया आली, आणि कंपनीनें आधीं पैसे द्यावे व मागाहून मालकाकडून वसूल करावे, असा हुकूम झाला. दिल्लीपर्यंत जाऊन जें मिळालें तें हक्क म्हणून नव्हे, दया म्हणून. आमच्यापैकीं किती जणांच्यानें दिल्ली गांठवेल?

राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नांवची शेतकरी अपघात योजना आहे. मुंडे स्वतः ३ जून २०१४ रोजीं दिल्लींत मोटारीच्या अपघातांत गेले, म्हणून नांव शोभतें. अपघातांत मरण आल्यास घरास दोन लाख रुपये मिळतात. पण कोणाच्या? सातबाऱ्यावर नांव असलेल्या शेतकऱ्याच्या, किंवा त्याच्या कुटुंबांतील एका माणसाच्या. ट्रॉली ज्याची, त्याला योजना आहे. ट्रॉलींत जी बसते, तिच्या घरीं सातबाराच नाहीं. आलेगांवीं सात जीव एकदम गेले म्हणून दिल्ली-मुंबईहून मदत जाहीर झाली. एकटी दुकटी बाई मरते तेव्हां तिच्यासाठीं कोण काय जाहीर करतो? सात मरेपर्यंत वाट पाहावी काय?

आतां देखरेखीचा प्रकार पाहा. नांदेडास परिवहन कचेरी आहे, लातुरासही आहे. लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर असा ३६१ नंबरचा चौपदरी महामार्ग झाला आहे, आणि खात्याची नजर असते ती अशा डांबरावर. १ जुलै २०२३ रोजीं सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटून २५ माणसें गेलीं, तेव्हां गाडीचे टायर, वेग, चालकाची झोप, सगळ्यांचा काथ्याकूट झाला. व्हावयासच पाहिजे होता. तीं माणसेंही कोणाचीं तरी लेंकरें होतीं. पण डांबर संपून जेथें गाडीवाट लागते, तेथें सरकारचा डोळा मिटतो. मजूर बाईचा सगळा प्रवास तर त्या गाडीवाटेवरच होतो!

कोणी म्हणेल, मग मनाई कडक करा, ट्रॉली दिसली कीं दंड ठोका. हा उपाय शहरांतल्या खुर्चीवरून सुचतो. आम्हीं एका बाईस विचारलें, "आक्का, ट्रॉलींत कां बसतां?" ती म्हणाली, "गुरुजी, न बसलं तर रोज कोण देईल? चार कोस चालत जाऊन निंदायचं कवा?" एस. टी. नें १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धें तिकीट केलें, तें चांगलें केलें. पण भल्या पहाटे शिवारांत जाणारी एस. टी. कोठें आहे? जी गाडी येतच नाहीं तिचें अर्धें तिकीट काय अन् पुरें काय! नुसत्या दंडानें ट्रॉली आडवाटेनें जाईल, आणि आडवाटेवरच विहिरी जास्त.

आपल्या घरचा दोषही झांकून ठेवतां कामा नये. दोन खेपांचें डिझेल वांचावें म्हणून एकाच खेपेंत सगळ्या बाया कोंबणारा मालक आपलाच भाऊबंद आहे. मिसरूड न फुटलेल्या पोराच्या हातीं चाक देऊन "आमचा बाळ्या ट्रॅक्टर हाणतो" म्हणून मिशीला पीळ देणारा बापही आपलाच. सरकारास शिव्या देतांना ह्या बापाला सोडूं नये.

आमचें मागणें असें कीं, मनाईच्या पांघरुणाखालीं झोपण्यापेक्षां सरकारनें ट्रॉलींत माणूस बसतो हें एकदांचें कबूल करावें. हंगामापुरता मजूर ने-आण करण्याचा परवाना द्यावा. किती माणसें बसावीं, बाजूचे पत्रे किती उंच असावे, बसावयास फळी व चढावयास पायरी असावी, मागें दिवा असावा, हें ठरवून द्यावें. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो. उतारावर मागचें ओझें पुढच्या ट्रॅक्टरला ढकलतें, आणि चालकानें ब्रेक दाबला कीं ट्रॉली आडवी होते. हें कोणत्याही लोहाराला ठाऊक आहे. ह्या ट्रॉल्या पुष्कळशा तालुक्याच्या गांवीं आपल्याच लोहार-सुतारांच्या वेल्डिंगच्या दुकानांत बनतात. नवा नमुना काढून तो मोठ्या कारखान्याच्या घशांत घालूं नये. ह्याच कारागिरांना नकाशा द्यावा, आठ दिवस शिकवावें, आणि त्यांच्या हातच्या ट्रॉलीस तपासून शिक्का द्यावा. शिक्क्याच्या ट्रॉलींत बसलेल्या प्रत्येक मजुराचा विमा लागू व्हावा, आणि त्याचा निम्मा हप्ता सरकारनें भरावा. अपघात योजनेंतील सातबाऱ्याची अट तर आजच्या आज काढावी. तिच्यासाठीं नवा शोध लावावा लागत नाहीं.

राहिली विहीर. तलाठ्याच्या दप्तरांत विहीर लिहिलेली असते, तिला कठडा आहे कीं नाहीं हें कोण पाहतो? तलाठी व ग्रामसेवक यांनीं गाडीवाटेलगतच्या विहिरी एकदां चालत जाऊन पाहाव्या व बिनकठड्याच्या विहिरींची यादी चावडीवर लावावी. कठड्याला लागणारे दगड आपल्याच बांधावर पडलेले आहेत, गवंडीही गांवांत आहे.

आमच्या गांवीं येत्या ग्रामसभेपुढें ठेवण्यासाठीं असा ठराव आम्हीं लिहून ठेवला आहे. त्याच्यावर बारा बायांचे अंगठे झाले आहेत. ट्रॉलीचा मालक अजून म्हणतो, "बघूं, गुरुजी."