कल्पनेतील गलबतासही शिधा लागतो

यंदा ह्या वार्षिकाकरिता विद्यार्थ्यांच्या ज्या गोष्टी आल्या, त्यांपैकी एकीत एक राजपुत्र रत्नजडित विमानात बसून क्षणार्धात सात समुद्र ओलांडतो, राक्षसास ठार करतो व भोजनाच्या वेळेस घरी परत येतो. भाषा शुद्ध, अक्षर तर मोत्यासारखे. तथापि मी तीस दुसरा क्रमांकही दिला नाही. पहिला क्रमांक मिळाला तो एका साध्या गोष्टीस. तीतील होडी गळकी आहे आणि एक भाऊ वल्ही मारीत असता दुसऱ्यास सारखे पाणी उपसावे लागते. ह्यावर त्या पहिल्या मुलाच्या वडिलांनी मला पत्र लिहिले. कल्पनेच्या जगात नियम कसले? मुलाने कल्पिलेले विमान कल्पनेच्याच वेगाने जाणार. त्यात दोष तो कोणता? प्रश्न रास्त आहे, आणि पुष्कळांच्या मनात तो असेल. म्हणून त्याचे उत्तर येथेच देतो.

सी. एस. ल्युइस ह्या ग्रंथकाराने १९५० ते १९५६ ह्या काळात नार्निया नामक कल्पित देशाविषयी सात पुस्तके प्रसिद्ध केली. ह्या गृहस्थाचा जन्म १८९८ साली बेलफास्ट येथे झाला. ते शहर जहाजबांधणीविषयी प्रसिद्ध. 'द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर' ह्या १९५२ सालच्या पुस्तकात त्याने जे गलबत वर्णिले आहे, त्याची नाळ ड्रॅगनच्या मुखासारखी व सोनेरी आहे, शीड जांभळे आहे. पण डोलकाठी मात्र एकच. आता कल्पनेचेच गलबत, तर त्यास दहा डोलकाठ्या द्यावयास कोणाची हरकत होती? परंतु ल्युइस सांगतो की, ह्या देशाच्या पूर्वीच्या राजवटीत दर्यावर्दी विद्या जवळजवळ नष्ट झाली होती. इतकी की, राजाने सात सरदारांस समुद्रावर पाठविले तेव्हा गलबत व खलाशी दोन्ही गाल्मा ह्या परक्या बेटाकडून आणावे लागले. तरुण राजा कॅस्पियन ह्याने ती विद्या नुकती कोठे पुन्हा सुरू केली आहे, आणि हे लहानसे गलबत म्हणजे त्याचे आजवरचे उत्कृष्ट काम. एका डोलकाठीच्या मागे एका राष्ट्राचा इतिहास उभा आहे! आपल्या राजपुत्राचे विमान कोणत्या सुताराने घडविले, हे त्या गोष्टीत मी दोन वेळा शोधले.

पुढे तर आमच्या गणिताच्या गुरुजींस आवडेल असा प्रकार आहे. एका बेटावर गलबतात अठ्ठावीस दिवसांचा शिधा व पाणी भरतात. विद्यार्थ्यांनो, पूर्वेकडे किती दिवस जाता येईल? वर्गात हा प्रश्न घातला तेव्हा बहुतेकांनी 'अठ्ठावीस' असे मोठ्याने सांगितले. एक मुलगी तेवढी हळूच म्हणाली, "चौदा, परत यावयास नको का?" त्या अठ्ठावीस दिवसांत सगळ्या प्रवासाची चिंता भरलेली आहे. नंतर वादळ होते, डोलकाठी मोडते, वारा पडतो आणि पाणी मोजून मापून मिळू लागते. तेव्हा युस्टेस नावाचा मुलगा रात्री चोरून पाणी पिऊ पाहतो आणि पकडला जातो. हाच मुलगा आरंभी आगबोटी, विमाने व पाणबुड्या ह्यांची प्रौढी मिरवीत होता. पाण्यास तोटाच नसता, तर त्याचा स्वभाव आपणांस कसा कळला असता? तो बदलला तरी कसा असता?

ह्या लेखकाने उडते वाहन वर्ज्य केले आहे असे मात्र कोणी समजू नये. 'द मॅजिशियन्स नेफ्यू' (१९५५) ह्या पुस्तकात लंडनच्या भाड्याच्या गाडीस जुंपलेल्या एका घोड्यास पंख फुटतात व दोन मुले त्याच्या पाठीवर बसून डोंगर ओलांडतात. पण संध्याकाळ होते, भूक लागते, आणि जेवणाची सोय कोणीच केलेली नाही! घोड्यास गवत आहे. मुलांपाशी टॉफीच्या नऊ वड्या. प्रत्येकी चार खाऊन उरलेली नववी ती जमिनीत पेरतात. दुष्ट राणीच्या गाडीसही हाच न्याय लागू आहे. ती बिनचाकांची गाडी रेनडियर ओढतात व ती बर्फावरून घसरत जाते. बर्फ वितळू लागताच ती चिखलात रुतते आणि राणीसाहेबांस पायी चालावे लागते.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. इंग्लंडातील मुले भिंतीवरील चित्रातून थेट त्या समुद्रात पडतात. येथे ल्युइसने स्वतःस मोठीच सवलत दिली आहे. ते मला फारसे रुचत नाही. परंतु ही सवलत उंबरठ्यापुरतीच आहे. आत गेल्यावर वारा पडला की कोणाचीही सुटका नाही.

पालक महाशयांनी पत्रात पुष्पक विमानाचाही दाखला दिला आहे. दाखला उत्तम आहे, पण तो माझ्या बाजूचा आहे. श्रीराम लंकेस जाताना विमानातून गेले नाहीत. वने तुडवीत गेले, आणि समुद्राशी आल्यावर वानरांकडून सेतू बांधवून घेतला. पुष्पक मिळाले ते युद्ध संपल्यावर, परतीच्या वाटेस. तेही मूळचे कुबेराचे, रावणाने बळाने नेलेले. सबब अयोध्येस पोहोचल्यावर ते मूळ धन्याकडे परत पाठविले गेले. वाल्मीकींनी जर पहिल्याच कांडात ते रामाच्या हाती दिले असते, तर शबरी कोठे भेटली असती?

मुलांनी विमाने कल्पू नयेत असे मी म्हणत नाही; खुशाल कल्पावी. पण आमची पुष्कळ मुले हल्ली दारातून गाडीत व गाडीतून शाळेत येतात. वाट, तहान, मोडलेला आस, उताराची वाट पाहत काठावर घालविलेली रात्र, ह्यांची ओळख त्यांस पुस्तकातूनच व्हावयाची. म्हणून अशी पुस्तके परीक्षेच्या वर्षी कपाटात कुलपाखाली ठेवू नयेत, एवढी माझी पालकांस विनंती आहे.

निकाल मी बदललेला नाही. विमानाची गोष्ट लिहिणारा विद्यार्थी परवा शिक्षकांच्या खोलीशी येऊन उभा राहिला व विचारू लागला की, राजपुत्रास अर्ध्या समुद्रावर तहान लागली तर विमान उतरवावे कोठे. मी त्यास नकाशा काढून आणण्यास सांगितले आहे.