थंडीत जेट बोट नदीत घालण्याआधी

तुम्ही पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गच्या आसपास राहत असाल आणि गळाचा नाद असेल, तर सस्क्वेहाना नदी तुमच्या ओळखीची आहेच. पात्र ऐसपैस, पाणी उथळ, तळाला खडकच खडक. साधी मोटर लावली तर पंख्याची पाती खडकावर आपटतात, म्हणून इथे जेट बोट चालते. हिवाळ्यात स्मॉलमाउथ बास मासा खोल, संथ डोहात गोळा होतो. तिथवर उथळ पाण्यातून पोचायला हीच बोट बरी.

जा, जरूर जा. पण थंडीत निघताना एकच प्रश्न मनात ठेवा: इंजिन मधेच बंद पडलं तर?

जेट बोटीला वेगळं सुकाणू नसतं. बागेच्या नळीचं तोंड फिरवावं तशी ती पाण्याच्या झोताची दिशा बदलून वळते. झोत थांबला की वळणंही थांबतं. समोर खडक दिसला की घाबरून हात थ्रॉटलवरून निघतो, आणि बोट सरळ खडकावर जाते. म्हणून वळताना इंजिनचा जोर थोडा राखा. मोकळ्या, खोल पाण्यात याची सवय करा. ती सप्टेंबरात करा, जानेवारीत नको.

कडाक्याच्या थंडीत नदीवर बर्फाचा भुगा वाहत येतो. बोटीखालच्या जाळीतून पाणी ओढलं जातं, त्या जाळीवर हा भुगा आणि कुजकी पानं बसतात. मग इंजिन नुसतं ओरडतं आणि बोट पुढे सरकत नाही. अशा वेळी लगेच नांगर टाका. इंजिन पूर्ण बंद करा, किल्ली काढा, मगच जाळी साफ करा, तीही काठीने. न्यूट्रलवर भरवसा ठेवू नका. जेटमध्ये इंजिन चालू आहे तोवर आतला पंखा फिरतच असतो. हात ओढेल, सैल पडलेला दोरही ओढेल.

नांगर बोटीच्या पुढच्या टोकालाच बांधा. मागून बांधलात तर प्रवाह मागच्या बाजूने बोटीत पाणी भरतो. आणि भुगा दाट दिसला तर त्या दिवशी परत फिरा. मासे कुठे जात नाहीत.

आता पाण्यात पडण्याबद्दल. हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी गार पाण्याचा अभ्यास करून एक सोपा हिशेब सांगितला आहे: १, १० आणि १. पहिलं १ मिनिट धाप लागते, श्वास आवरत नाही. पुढची साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात. शुद्ध हरपायला साधारण १ तास लागतो. म्हणजे माणूस गारठून जाण्याच्या कितीतरी आधी हात निकामी होतात आणि तो बुडतो. त्या पहिल्या मिनिटात पोहू नका. तरंगत राहा, श्वास सावरा. मग बोटीत चढा. जाड कपडे भिजल्यावर नुसत्या हातांच्या जोरावर चढता येत नाही. मागे छोटी शिडी लावा, नाहीतर दोराचा फास पायरीसारखा सोडून ठेवा.

पेनसिल्व्हेनियात १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल १६ फुटांपेक्षा लहान बोटीत लाइफ जॅकेट घालावंच लागतं. तुमची बोट १८ फुटांची असेल, तर कायदा तुम्हाला भाग पाडणार नाही. तरीही घाला. नदी बोटीची लांबी मोजत नाही. आणि इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवा, म्हणजे तुम्ही पडलात तर बोट तुम्हाला सोडून पुढे जाणार नाही.

जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवा. सुती कापड भिजलं की लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचून घेतं. आत लोकर घाला. कोरड्या कपड्यांचा एक जोड पाणी न शिरणाऱ्या पिशवीत असू द्या. फोन पाकिटात घालून गळ्यात अडकवा, बॅगेत नको. कुठल्या रॅम्पवरून निघालात आणि किती वाजता परत याल, हे घरी सांगा. उशीर झाला तर ९११ ला फोन करायचा, हेही ठरवून ठेवा. एकटे जाऊ नका.

रॅम्पवरही जपा. ट्रेलरवरून ओघळलेलं पाणी तिथेच गोठतं, आणि पुढची गाडी घसरते. डिकीत वाळूची पिशवी ठेवा.

बोट बाहेर काढलीत की मोटर खाली करा, आतलं पाणी पूर्ण निथळू द्या. राहिलेलं पाणी पंख्याभोवती गोठतं. पुढच्या वेळी किल्ली फिरवूनही पंखा हलला नाही, तर जोर करू नका. मोटर थोडा वेळ नदीच्या पाण्यात बुडवून ठेवा. वाहतं पाणी बर्फापेक्षा कोमट असतं, बर्फ सुटतो.

घरी आल्यावर जेटच्या बेअरिंगला ग्रीस भरा. जुनं ग्रीस बाहेर येईल, त्याचा रंग बघा. पांढरट, दुधासारखं आलं तर आत पाणी शिरलंय. पुढच्या फेरीआधी मेकॅनिकला दाखवा.