बंदी कागदावर, घोडा जाळ्यात

समुद्रघोडा पकडणे वा विकणे हा भारतात 2001 पासून गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला थेट वाघाच्या पंगतीला बसवण्यात आले. तरीही तमिळनाडूलगतच्या पाल्क उपसागरात आणि मन्नारच्या आखातात तो जाळ्यात येतच राहिला, वाळवला गेला आणि चोरवाटांनी पूर्व आशियातील पारंपरिक औषधांच्या बाजारात पोहोचत राहिला. बहुतेक वेळा त्याला पकडायला कोणी मुद्दाम निघालेले नसते. कोळंबीसाठी समुद्राचा तळ खरवडणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यात तो आपसूक येतो आणि जाळ्याला अनुसूची वाचता येत नाही.

हा मासा मुळात पळ काढण्यासाठी घडलेलाच नाही. अंगावर खवल्यांऐवजी हाडांची कडी. पाठीवरचा इवलासा पर सेकंदाला तीस-पस्तीस वेळा फडफडवून तो जेमतेम सरकतो. एरवी समुद्री गवताला शेपटीचा विळखा घालून बसतो. जठर नाही, दातही नाहीत, त्यामुळे दिवसभर बारीकसारीक जीव ओढून खात राहावे लागते. गरोदरपण नराकडे. मादी त्याच्या पोटावरच्या पिशवीत अंडी सोडते, तिथेच ती फळतात. गर्भांना प्राणवायू पुरवणे, पिशवीतला खारटपणा हळूहळू समुद्राच्या पाण्याशी जुळवून आणणे, हे सारे बापच करतो. दोन ते चार आठवड्यांनी शेकडो पिल्ले बाहेर पडतात. त्यांतली फारच थोडी जगतात. अनेक जातींत जोडी हंगामभर एकमेकांना धरून असते. एक जाळ्यात गेला की मागे उरलेल्याची वीणही खोळंबते. मग जाळ्यात नेमके काय गेले, याचा हिशेब एका माशावर थांबत नाही.

बंदीने व्यापार थांबला नाही, तो अंधारात गेला. पूर्वी निर्यातीच्या नोंदी तरी होत्या. आता उरल्या त्या जप्तीच्या बातम्या. त्यांत पहिला सापडतो तो बहुधा छोटा मच्छीमार किंवा माल वाहणारा; तळ नांगरणारी बोट दुसऱ्या दिवशी पुन्हा समुद्रात असते. श्रीलंकेने 2017 मध्ये तळ खरवडणाऱ्या ट्रॉलिंगवर बंदी घातली. त्याच वर्षी भारताने पाल्कमधील 2 हजार ट्रॉलर खोल समुद्रातील मासेमारीकडे वळवण्याची योजना आणली. ती उद्दिष्टाच्या जवळपासही पोहोचली नाही. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेला बोटमालक केवळ घोषणेने धंदा बदलत नाही, हे दिल्ली-चेन्नईला ठाऊक नसावे असे नाही. किनाऱ्यालगतच्या पाण्यात परक्या ट्रॉलरांशी वर्षानुवर्षे झगडणाऱ्या सिंधुदुर्गच्या पारंपरिक मच्छीमारांना तर हे दुखणे समजावून सांगावे लागणार नाही.

पाल्कमध्ये 2022 साली समुद्री गायीसाठी 448 चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र जाहीर झाले आहे. तिचे अन्न असलेले समुद्री गवत हेच समुद्रघोड्याचेही घर. निदान तिथे तरी एकही ट्रॉल उतरू देऊ नका आणि बोट बदलणाऱ्याच्या हाती अनुदानाचे पैसे वेळेत पडू द्या.