ब्रेकला गाणे हवे, पण कोणते?

यंदाच्या स्नेहसंमेलनात आमच्या ब्रेकडान्सला टाळ्या पडल्या नाहीत. मुलांनी महिनाभर घाम गाळला होता. चुकले ते गाणे, आणि गाणे मी निवडले होते! सर्वांच्या तोंडी असलेले, दणदणीत फिल्मी गाणे. पण त्यात पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत श्वास घ्यायलाही जागा नव्हती. नाचणाऱ्याने गिरकी घ्यायची कुठे आणि थबकायचे कुठे?

मग मी या नाचाचे मूळ शोधले. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी, जमैकात जन्मलेल्या कूल हर्क या तरुणाने एका पार्टीत तबकड्या वाजवल्या. गाणे थांबून नुसता ताल उरला की नाचणारे पेटतात, हे त्याने हेरले होते. पुढे एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आलटूनपालटून वाजवून तो तेवढाच तुकडा लांबवू लागला. हा तुकडा म्हणजेच 'ब्रेक'. इन्क्रेडिबल बोंगो बँडचे 'अपाची' नाचणाऱ्यांनी डोक्यावर घेतले, ते त्यातल्या बोंगो-ड्रमच्या अशाच तुकड्यासाठी.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तर गाणे डीजे निवडत असे. स्पर्धकाला ते आधी ठाऊक नसे. तिथे पाठांतर काय कामाचे? कानच तयार हवा.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, गाण्याची लोकप्रियता नंतर पाहावी. आधी ठेका स्वच्छ ऐकू येतो का आणि मध्ये मोकळी जागा आहे का, ते पाहावे. तबल्याची सम ओळखणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. पुढच्या वर्षी तालमीपूर्वी आठ दिवस मी मुलांना नुसते ऐकायला बसवणार आहे. अर्थात, पहिला मी बसेन!