चिरडलेले सायलेन्सर आणि मोकळा बाजार

पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत गेल्या काही वर्षांत एक दृश्य वारंवार पाहावयास मिळाले आहे. वाहतूक पोलिसांनी मोटारसायकलींवरून उतरवून जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडले जातात, त्यांवरून रोड रोलर फिरवला जातो, छायाचित्रे निघतात आणि दुसऱ्या दिवशी ती वृत्तपत्रांत झळकतात. त्या चिरडलेल्या लोखंडाबद्दल कोणी हळहळावे असे काही नाही. परंतु रोलर निघून गेल्यावर सुट्या भागांच्या बाजारपेठेत तसाच सायलेन्सर विक्रीसाठी टांगलेला असतो, हे दृश्य मात्र कोणी टिपत नाही. प्रश्नाचे मर्म त्या न टिपलेल्या दृश्यात आहे.

अशी वाहने उडवणारे सारे धनिकांचे लाडावलेले पुत्र असतात, ही समजूत आता खरी राहिलेली नाही. यामाहाची आर १५ ही मोटारसायकल २००८ मध्ये आणि चाकणच्या कारखान्यात तयार होणारी केटीएम ड्यूक २०० ही २०१२ मध्ये भारतीय बाजारात आली. मासिक हप्त्यांच्या सोयीमुळे शर्यतीच्या घाटाचे वाहन मध्यमवर्गीय घरातल्या, क्वचित कंत्राटी नोकरी करणाऱ्या तरुणाच्याही आवाक्यात आले. दिवसभर ज्याची कोणी दखल घेतली नाही असा मुलगा संध्याकाळी ॲक्सिलरेटर पिळतो आणि सारा रस्ता वळून त्याच्याकडे पाहतो. त्याच्या या आनंदाची टवाळी करण्याचे कारण नाही. मात्र त्या आनंदाची किंमत कोण मोजतो आणि त्यावर कमाई कोण करतो, हे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत.

प्रथम विकली जाणारी वस्तूच तपासावी. सायलेन्सर बदलला की गाडीची ताकद वाढते, असे गिऱ्हाइकाला सांगितले जाते. यात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच फसगत सोपी होते. एंजिनाची एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडते तेव्हा जळालेल्या वायूबरोबर दाबाची एक लाट नळीतून धावते. नळीच्या उघड्या टोकाशी पोचताच ती कमी दाबाची लाट होऊन मागे फिरते. ही परतलेली लाट योग्य क्षणी व्हॉल्व्हशी आली, तर सिलिंडरमध्ये रेंगाळलेला जळका वायू ती ओढून काढते आणि ताज्या मिश्रणाला जागा करून देते. हा क्षण नळीची लांबी, तिचा व्यास आणि एंजिनाचे मिनिटागणिक फेरे यांवर ठरतो. त्यामुळे एका वेगाला लाभ झाला तर दुसऱ्या वेगाला बहुधा तोटा होतो. या साऱ्या हिशेबात आवाज किती मोठा निघतो याला काही महत्त्व नाही.

हे शास्त्र किती काटेकोर आहे याची साक्ष पूर्व जर्मनीच्या इतिहासात सापडते. त्शोपाऊ येथील एम. झेड. या सरकारी मालकीच्या कारखान्यात वॉल्टर काडेन या अभियंत्याने १९५० च्या दशकात, तुटपुंज्या साधनांनिशी, टू-स्ट्रोक एंजिनाच्या नळीचा आकार प्रयोगांनी पक्का करत नेला. १९६१ पर्यंत त्याच्या १२५ सी.सी.च्या एंजिनाने सुमारे २५ अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे २०० अश्वशक्ती, एवढी मजल मारली. त्याच वर्षी त्याचा शर्यतपटू एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून गेला, ते ज्ञान जपानच्या सुझुकी कंपनीला मिळाले आणि १९६२ मध्ये ५० सी.सी. गटाचे जगज्जेतेपद डेग्नरने सुझुकीवर बसून पटकावले. ज्या विद्येसाठी एवढी पळवापळवी झाली ती मोजमापाची आणि चाचणीची विद्या होती. सायलेन्सरच्या आतील जाळी उपटून गोंगाट करण्याशी तिचे नाते नाही.

आजच्या एंजिनात तर नुसती नळी बदलून भागतच नाही. भारत स्टेज ६ची मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. या मानकांनुसार बनलेल्या मोटारसायकलीत ‘ईसीयू’ नावाचा छोटा संगणक किती पेट्रोल सोडायचे ते ठरवतो आणि त्याची कोष्टके मूळ नळी गृहीत धरून बसवलेली असतात. नळी मोकळी केली आणि कोष्टक तसेच ठेवले, तर पूर्ण जोरात मिश्रणातील पेट्रोल कमी पडून एंजिन तापण्याचा धोका असतो. खरे ट्यूनिंग म्हणजे गाडी डायनोवर चढवून, हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण मोजून कोष्टक नव्याने बसवणे. ते खर्चाचे काम असल्यामुळे पुष्कळदा गाळलेच जाते. शिवाय अनेक गाड्यांत पूर्ण नळी बदलताना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही निघून जातो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात. त्यांची किंमत भंगाराच्या व्यापारात वसूल होते आणि कार्बन मोनॉक्साइड रस्त्याच्या हवेत मिसळतो. तो अगोदर त्या गॅरेजातल्या कामगाराच्या आणि हाताखालच्या पोराच्या छातीत जातो.

केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० साली ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात अशाच व्यवहारांचा विचार केला होता. विकणारा आणि घेणारा दोघेही संतुष्ट असतात, पण खर्चाचा मोठा वाटा त्या व्यवहारात कधीच सहभागी नसलेल्या तिसऱ्याच्या माथी बसतो. येथे तो तिसरा कोण, हे डेसिबलचे गणित सांगते. १७५ सी.सी.हून मोठ्या नव्या मोटारसायकलीने कारखान्यातून निघताना ८० डेसिबलची मर्यादा पाळावी असा नियम घालून देण्यात आला. डेसिबलमध्ये दहाची वाढ म्हणजे ध्वनीच्या ऊर्जेत दहापट वाढ. त्याच चाचणीत ९० डेसिबलवर जाणारी एक गाडी म्हणजे नियमातल्या दहा गाड्या एकदम धावल्यासारखे होय. इकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत सरासरी ४५ डेसिबलची आणि रुग्णालयांभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ४० डेसिबलची मर्यादा आखून दिली आहे. पाळी करून परतलेला गिरणीतला वा कारखान्यातला कामगार, रुग्णशय्येवरचा माणूस आणि नुकतेच निजलेले तान्हे मूल हे या सौद्याचे न विचारलेले भागीदार आहेत.

रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये यावर वेगळा विचार मांडला. वाटाघाटींचा खर्च नगण्य असेल, तर त्रास देणारा आणि सोसणारा आपापसांत सौदा करून मार्ग काढू शकतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. वाटाघाटींना प्रत्यक्षात खर्च पडतो, हेही त्यांनीच आवर्जून सांगितले. बाजारवादी मात्र ते सोयीस्करपणे विसरतात. रात्री एक वाजता रस्त्यालगतच्या चाळीत दचकून उठलेल्या वृद्धेने सौदा करायचा तो कोणाशी? ती खिडकीशी येईपर्यंत गाडी पुढच्या चौकात पोचलेली असते. ज्यांच्या खिडक्यांना दुहेरी काचा आहेत आणि घरात वातानुकूलन यंत्र आहे, ते आपल्यापुरती शांतता विकत घेतात. ज्यांना खिडकी उघडी ठेवल्यावाचून वाराच मिळत नाही, त्यांना तो आवाज सोसावा लागतो. म्हणूनच हा प्रश्न अभिरुचीचा नसून न्यायाचा आहे.

कायदा नाही असे नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली दुरुस्ती होऊन आवाज व धूर यांची मानके मोडणाऱ्या चालकास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही अशी शिक्षा ठरली. वाहनात बेकायदा फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलाला आळा घालणारा निर्णय दिला. परंतु सुटा भाग विकणाऱ्यासाठी असलेली एक लाख रुपये दंडाची तरतूद पाहावी. ती केंद्र सरकारने सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणून अधिसूचित केलेल्या भागांपुरतीच आहे. रस्त्यावर सापडतो तो चालक. गोदामात हजारांनी माल ठेवणारा दंडाच्या पावतीपासून दूर राहतो. अशा अंमलबजावणीत पोलिसांना छायाचित्र मिळते आणि विक्रेत्याला, सायलेन्सर चिरडला गेल्यामुळे, तेच गिऱ्हाईक पुन्हा मिळते.

युरोपने हा गुंता सोडवला तो उगमाशी जाऊन. संयुक्त राष्ट्रांच्या ९२ क्रमांकाच्या विनियमानुसार मोटारसायकलीसाठी बाहेरून घ्यावयाच्या सायलेन्सरची आवाजाची चाचणी होते आणि मान्य झालेल्या नगावर ‘ई’ अक्षराची खूण व क्रमांक कोरला जातो. त्यामुळे हौशी माणसाला कायद्यात राहून नळी बदलता येते आणि पोलिसाला ती खूण पाहून निवाडा करता येतो. तेथेही नियम मोडणारे आहेतच. परंतु कायदेशीर काय आणि बेकायदा काय, हे वस्तूवरच लिहिलेले असते. आपल्याकडे तर चाचणीची विद्या दाराशी आहे. वाहनांची चाचणी करणारी ‘एआरएआय’ ही संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली आणि ती पुण्यातच, वेताळ टेकडीवर, उभी आहे. ज्या शहरात सायलेन्सर रोलरखाली चिरडले जातात, त्याच शहरात ते मोजण्याची यंत्रेही आहेत.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. मान्यतेच्या खुणेवाचून एकही सायलेन्सर बनवता, आयात करता वा विकता येऊ नये. एक लाख रुपये दंडाची तरतूद सायलेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांना निःसंदिग्धपणे लागू करावी. पीयूसी केंद्रांत आज धुराचीच तपासणी होते, तिला उभ्या गाडीच्या आवाजाच्या मोजमापाची जोड द्यावी. जप्त मालाच्या पंचनाम्यात तो कोठून खरेदी केला याची नोंद सक्तीची करावी आणि तपास त्या दुकानापर्यंत न्यावा.

गॅरेजातल्या कारागिरालाही या व्यवस्थेत मानाचे स्थान हवे. ज्याच्या हातांना एंजिनाचा नेमका बिघाड कानाने ओळखता येतो, त्याला आज सुशिक्षित समाज गुन्हेगाराचा साथीदार म्हणून पाहतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत डायनो बसवून त्याला ईसीयू आणि धुराचे मोजमाप यांचे शिक्षण दिले, परवाना दिला आणि केलेल्या कामावर सही करण्याची जबाबदारी दिली, तर त्याचे कौशल्य उजेडात येईल. परवानाधारक कारागीर आणि खूण असलेला सुटा भाग उपलब्ध असताना जो रात्री गाव उठवील, त्याला शिक्षा करण्याचा नैतिक अधिकार मग शासनाकडे असेल. तोवर रोड रोलर फिरत राहील आणि त्याच्या मागे दुकानेही उघडी राहतील.