माल्टाचा उंबरठा आणि पुण्याची लस

२०२१ च्या जुलै महिन्यात मँचेस्टरच्या विमानतळावर एका ज्येष्ठ ब्रिटिश दांपत्याला माल्टाला जाणाऱ्या विमानात चढू दिले गेले नाही. करोनाच्या लशीच्या दोन्ही मात्रा त्यांनी घेतल्या होत्या आणि तसे प्रमाणपत्र ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेनेच त्यांना दिले होते. अडचण निघाली ती कुपीवरील बॅच क्रमांकाची. तो क्रमांक पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या मालाचा होता, आणि माल्टा सरकारच्या लेखी पुण्याची लस ही लसच नव्हती. लंडनच्या वृत्तपत्रांनी गहजब केला, मंत्र्यांचे दूरध्वनी खणखणले, आणि अवघ्या काही दिवसांत माल्टाने आपला नियम बदलला. ब्रिटिश पर्यटकांपुरते प्रकरण मिटले व विस्मरणात गेले. परंतु त्या काही दिवसांच्या गोंधळात महामारीकाळातील सीमाव्यवस्थेचे जे स्वरूप उघड झाले, ते इतक्या लवकर विसरणे कष्टकऱ्यांच्या चळवळीला परवडणारे नाही.

माल्टा हा भूमध्य समुद्रातील तीन लहान वस्तीच्या बेटांचा देश. क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर व उपनगरे मिळून होणाऱ्या क्षेत्राच्या जवळपास निम्मे. लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास. २०१९ साली या पाच लाखांच्या देशात २७ लाखांवर पर्यटक येऊन गेले. मोठे सार्वजनिक रुग्णालय म्हणावे असे तेथे एकच. अशा देशाने साथीच्या काळात दारावर कडक पहारा बसवला तर त्याला दोष देता येणार नाही. मार्च २०२० मध्ये माल्टाने बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला १४ दिवसांचे विलगीकरण लागू केले व पुढे प्रवासी विमानेच थांबवली. त्या नियमाचा जाच झाला असेल, पण येणारा कोण आहे हे तो विचारीत नव्हता. समुद्रपार व्यापारावर जगणाऱ्या या बेटांना हे नवीनही नव्हते. तेथील मानोएल बेटावर १६४३ साली उभारलेल्या विलगीकरणगृहाची इमारत आजही त्याची साक्ष देते.

भेदभाव सुरू झाला तो दार बंद असताना नव्हे, ते उघडू लागल्यावर. १ जुलै २०२० रोजी विमानतळ पुन्हा सुरू झाला. हॉटेलमालक व विमान कंपन्या यांचा धीर सुटत चालला होता. त्या उन्हाळ्यात जलतरण तलावांच्या काठी संगीताच्या मेजवान्या झडल्या, त्यांतून रुग्णांची नवी लाट उसळली आणि तेथील डॉक्टरांच्या संघटनेला संपाचा इशारा द्यावा लागला. पुढील वर्षी सरकारने आणखी एक पाऊल टाकले. थेट हॉटेलात किमान तीन रात्रींची नोंदणी करणाऱ्या परदेशी पाहुण्यास सरकार व हॉटेलमालक यांनी मिळून २०० युरोपर्यंत सवलत द्यावी अशी योजना एप्रिल २०२१ मध्ये जाहीर झाली. सर्वांत अधिक सवलत होती ती पंचतारांकित हॉटेलात उतरणाऱ्यास! अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत अनुदान दुर्बलास द्यावे असे लिहिलेले असते. पर्यटनावर जगणाऱ्या भांडवलाने लिहिलेले पुस्तक निराळे असते.

त्यानंतर ९ जुलै २०२१ ची घोषणा झाली. रुग्णसंख्या एकाएकी वाढू लागलेली पाहून माल्टाने ठरवले की १४ जुलैपासून पूर्ण लसीकरणाचे प्रमाणपत्र असल्याखेरीज कोणालाही देशात पाऊल ठेवता येणार नाही. युरोपीय संघातील असा हा पहिला देश. इंग्रजी शिकवणाऱ्या ज्या शाळांत युरोपभरचे तरुण येतात, त्याही बंद झाल्या. मुक्त संचाराच्या तत्त्वाला बाध येतो म्हणून युरोपीय आयोगाने आक्षेप घेतला, तेव्हा लस न घेतलेल्यांना विलगीकरणाची अट घालून प्रवेश देण्याची दुरुस्ती झाली. पण प्रमाणपत्र कोणाचे? तर माल्टाचे, युरोपीय संघाचे किंवा ब्रिटनचे. आणि लस कोणती? तर युरोपीय औषध संस्थेने मान्य केलेली.

येथे विरुद्ध बाजूचे म्हणणे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. ऑक्सफर्डमध्ये विकसित झालेली ॲस्ट्राझेनेकाची लस युरोपात एका नावाने मान्य होती. तीच पुण्यात ‘कोविशील्ड’ या नावाने बनत होती. लस हे जैविक उत्पादन आहे, उत्पादनस्थळाच्या परिस्थितीतील लहानशा फरकानेही तयार मालात फरक पडू शकतो, म्हणून प्रत्येक कारखान्याची स्वतंत्र तपासणी कायद्याने आवश्यक आहे, आणि कोविशील्डसाठी तसा अर्जच आपल्याकडे आलेला नाही, असे युरोपीय औषध संस्थेचे म्हणणे होते. औषधनिर्मितीचा नियम म्हणून ते रास्त आहे. युरोपच्या बाजारात माल विकायचा असेल तर ही तपासणी हवीच. परंतु प्रश्न माल विकण्याचा नव्हताच. ज्याच्या दंडात लस आधीच गेलेली आहे अशा माणसाला दारात उभे करायचे की नाही, हा तो प्रश्न होता. आणि त्याचे उत्तर देण्यास पुरेसा आधार हाताशी होता. जागतिक आरोग्य संघटनेने १५ फेब्रुवारी २०२१ रोजीच पुण्यातील उत्पादनाला आपत्कालीन वापराच्या यादीत स्थान दिले होते. युरोपीय संघाच्या ज्या नियमानुसार १ जुलै २०२१ पासून डिजिटल प्रमाणपत्र लागू झाले, त्यातच जागतिक संघटनेच्या यादीतील लस स्वीकारण्याची मुभा सदस्य देशांना होती. स्लोव्हेनियाने ती मुभा वापरली. संघाबाहेरील आइसलँडनेही कोविशील्ड स्वीकारली. हे दोन्ही देश लहानच आहेत. तेव्हा लहानपणाची सबब येथे टिकत नाही.

माल्टाने माघार घेतली ती कोणासाठी, हे पाहण्यासारखे आहे. ब्रिटनने सीरमकडून मागवलेल्या एक कोटी मात्रांपैकी ५० लाख मात्रा तेथे पोहोचल्या होत्या, आणि ब्रिटिश पर्यटक हा माल्टाच्या हॉटेलांचा जुना आधार. म्हणून पुण्याची कुपी ब्रिटिश दंडात गेली असता ती विश्वासार्ह ठरली. तीच कुपी अकोल्यात किंवा आक्रा येथे टोचली गेली असेल तर तिच्यावरील संशय कायम राहिला. कारखाना एक, औषध एक; बदलले ते फक्त टोचून घेणाऱ्याच्या हातातील पारपत्र.

आक्राचे नाव सहज घेतलेले नाही. गरीब देशांना लस पुरवण्यासाठी उभारलेल्या कोव्हॅक्स योजनेची पहिली खेप २४ फेब्रुवारी २०२१ रोजी घानाच्या राजधानीत उतरली. त्या सहा लाख मात्रा पुण्याच्याच होत्या. आफ्रिकेतील अनेक देशांचे लसीकरण त्या वर्षीच्या पूर्वार्धात याच मालावर अवलंबून होते, आणि कोव्हॅक्स योजनेला युरोपीय संघाने स्वतः मोठी देणगी दिली होती. एका हाताने जी लस दान म्हणून द्यावयाची, तीच दुसऱ्या हाताने अमान्य करावयाची, असा हा व्यवहार. अशा नियमांमुळे जगात लसवंतांचे दोन वर्ग पडतील, असे कोव्हॅक्सच्या चालकांनी १ जुलैलाच जाहीरपणे बजावले होते. माल्टाचा नियम अमलात आला त्याच आठवड्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या आपत्कालीन समितीनेही, लशीचा पुरवठा विषम आहे तोवर लसीकरणाचा पुरावा ही आंतरराष्ट्रीय प्रवासाची एकमेव अट करू नये, असे सर्व देशांना सुचवले. ऐकले कोणी?

या देशाच्या दाराचे आणखी काही प्रकार आहेत. ९ एप्रिल २०२० रोजी साथीचे कारण सांगून माल्टाने समुद्रातून वाचवलेल्या निर्वासितांना आपली बंदरे बंद केली. लिबियाच्या किनाऱ्यावरून जीव मुठीत धरून निघालेल्या चारशेहून अधिक लोकांना हद्दीबाहेरच्या पाण्यात तरंगत ठेवले गेले. कशावर, तर एरवी पर्यटकांना बंदरात सफर घडवणाऱ्या व तेव्हा धंद्याविना पडून असलेल्या भाड्याच्या नौकांवर. काही जणांनी आठवड्यांमागून आठवडे तेथे काढले; जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर त्यांना किनाऱ्यावर घेण्यात आले. पुढे महिनाभरही लोटला नाही तोच पर्यटकांसाठी विमानतळ उघडला. साथ तीच, समुद्र तोच. त्याआधी मार्चमध्ये तेथील अर्थव्यवहारमंत्र्यांनी, युरोपबाहेरून आलेल्या ज्या कामगारांची नोकरी जाईल त्यांनी आपापल्या देशी परतावे, असे सुनावले होते. टीकेनंतर त्यांनी माफी मागितली, ही गोष्ट त्यांच्या जमेस धरू. आणि तिसरे दार सोन्याचे. साडेसहा लाख युरो व वर गुंतवणूक इतक्या मोबदल्यात नागरिकत्व देणारी योजना माल्टाने २०१४ पासून चालवली. अटी बदलत ती पुढेही चालू राहिली आणि अखेर २९ एप्रिल २०२५ रोजी युरोपीय न्यायालयाने ती संघाच्या कायद्याशी विसंगत ठरवली. हा सारा कारभार ज्या पक्षाच्या राजवटीत झाला, त्याचे नाव मजूर पक्ष आहे. नावावर जाऊन समाधान मानण्याची सवय समाजवाद्यांनी तरी सोडली पाहिजे.

प्रवेशाच्या अटीमागचे अर्थकारण तसे सोपे आहे. एखाद्याला अट घालायची, पण ती पुरी करण्याचे साधन मात्र आपल्या ताब्यात ठेवायचे, म्हणजे सावकाराने तारण मागावे आणि तारणाची जमीनही स्वतःच दाबून बसावे. लशीवरील पेटंटादी मक्तेदारी हक्क साथ ओसरेपर्यंत स्थगित ठेवावेत, असा प्रस्ताव भारत व दक्षिण आफ्रिका यांनी २ ऑक्टोबर २०२० रोजी जागतिक व्यापार संघटनेत मांडला. युरोपीय संघाने त्याला सातत्याने विरोध केला. जून २०२२ मध्ये जो तोडगा निघाला तो इतका कापलेला व इतका उशिरा होता की त्याचा उपयोग कोणाला झाला हे शोधावे लागेल. उत्पादनाची वाट अडवायची व प्रमाणपत्राची मागणी करायची, या दोन्ही गोष्टी एकाच युरोपने एकाच काळात केल्या. माल्टाचा आदेश हे त्या धोरणाचे फक्त सर्वांत लहान व म्हणून सर्वांत स्पष्ट दिसणारे टोक.

पण बोट केवळ युरोपकडे दाखवून चालणार नाही. ज्या पुण्याचा अपमान झाला म्हणून त्या काळी आपल्याकडे राष्ट्राभिमानाला उधाण आले, तेथील कंपनीनेच एप्रिल २०२१ मध्ये राज्यांसाठी ४०० व खासगी रुग्णालयांसाठी ६०० रुपये असे दर जाहीर केले होते. केंद्र सरकारला तीच मात्रा १५० रुपयांत मिळत होती. बोभाटा झाल्यावर राज्यांचा दर ३०० वर आला. महाराष्ट्राच्या सरकारने तर माल्टाचीच युक्ती आपल्या लोकांवर चालवली. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलमध्ये सामान्य प्रवाशाला बसायचे तर दोन्ही मात्रा घेऊन १४ दिवस उलटलेले असणे आवश्यक ठरले. आता हिशेब करावा. अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांना लस खुली झाली मे महिन्यात. पुरवठा अपुरा, रांगा पहाटेपासूनच्या. कोविशील्डच्या दोन मात्रांत अंतर ८४ दिवसांचे, त्यावर १४ दिवस, म्हणजे एकूण ९८ दिवस. जूनमध्ये पहिली मात्रा मिळालेल्या विरारच्या तरुण कामगारास सप्टेंबर उजाडल्याशिवाय लोकलचा पास मिळणे गणितानेच अशक्य होते. मोटारीने जाणाऱ्यास मात्र कोणी प्रमाणपत्र विचारले नाही. आणि परदेशी शिक्षणास वा नोकरीस निघालेल्यांसाठी केंद्र सरकारने हेच अंतर जूनमध्ये २८ दिवसांवर आणले होते. परदेशच्या दारासाठी जी निकड मान्य झाली, ती चर्चगेटच्या दारासाठी झाली नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटननेही भारतात टोचलेल्या कोविशील्डला नकार देण्याचा प्रयत्न केला. प्रथम लस अमान्य, मग लस मान्य पण प्रमाणपत्र अमान्य! भारताने ब्रिटिश प्रवाशांवर दहा दिवसांचे विलगीकरण लादले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये ब्रिटन नमले. जशास तसे वागण्याची ताकद भारतापाशी होती म्हणून हे घडले. घानाने किंवा नेपाळने कोणाला धमकी द्यावी?

याला पर्याय नव्हता असे मात्र नाही. पिवळ्या तापाच्या लशीची पिवळी पुस्तिका पूर्व आफ्रिकेत नोकरी-धंद्यासाठी गेलेल्या प्रत्येकास परिचित आहे. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीनुसार त्या लशीला मान्यता देण्याचा अधिकार जागतिक आरोग्य संघटनेचा. एकदा तिने ती मान्य केली व पुस्तिका रीतसर भरली की धारकाला त्या रोगाच्या कारणावरून दारातून परतवता येत नाही, मग लस कोणत्याही देशातील कारखान्यात बनलेली असो. करोनाच्या लशीला हाच न्याय लावण्यात कोणती शास्त्रीय अडचण होती, हे युरोपने कधीच सांगितले नाही.

२० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेने महामारी करार स्वीकारला. पुढील साथीत उत्पादकांनी आपल्या लस-औषधांपैकी २० टक्क्यांपर्यंतचा वाटा संघटनेला उपलब्ध करून द्यावा व त्यातील किमान निम्मा भाग दान म्हणून असावा, अशी कल्पना त्यात आहे; परंतु ती प्रत्यक्षात कशी उतरायची हा सर्वांत वादाचा भाग स्वतंत्र परिशिष्टावर सोपवण्यात आला. प्रवाशांना प्रवेश देणे वा नाकारणे हा प्रत्येक देशाचा अधिकार अबाधित आहे, असेही त्या करारात स्पष्ट लिहिले गेले. म्हणजे लशीच्या वाटपाची वाटाघाट एका टेबलावर आणि दारावरचा पहारा ज्याच्या त्याच्या मर्जीवर. भारताच्या प्रतिनिधींनी हे दोन प्रश्न एकत्र बांधण्याचा आग्रह धरला पाहिजे: संघटनेच्या यादीतील प्रत्येक लस प्रत्येक सीमेवर मान्य, आणि ज्या देशाला पुरेशा मात्रा पोहोचलेल्या नाहीत त्याच्या नागरिकाला लशीची अट नाही, फक्त चाचणी किंवा विलगीकरण, तेही त्याच्या खिशातून नव्हे. असा आग्रह दिल्ली आपण होऊन धरील अशी लक्षणे नाहीत. संसदेत व संसदेबाहेर तो प्रश्न विचारला जावा लागेल, आणि तोच प्रश्न मुंबईच्या लोकलबाबत विधानसभेतही विचारता येईल. ९८ दिवसांच्या त्या गणिताचे उत्तर आजवर कोणत्याही मंत्र्याने दिलेले नाही.